बियाण्याची मुदत ठेव

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून गंगेच्या काठाने दक्षिणेकडे चालू लागले, की अहिल्याबाई घाटानंतर लागतो तो मुन्शी घाट. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी इ. स. १८१२ मध्ये हा घाट व त्यावरील भव्य वास्तू उभारली. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी त्यातील वास्तू विकत घेतली आणि लगतचा भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. विदर्भातून बदली होऊन वाराणसीला आलेल्या आणि आकडेमोडीत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एका अर्थमंत्र्याने बांधलेल्या घाटाविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही. या घाटाच्या वरच्या अंगाच्या गल्लीत मी भाड्याने राहू लागलो आणि ठेव कशी सांभाळावी याचा एक धडा मला बँकेत नव्हे, तर त्या घरात मिळाला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

एका पुरचुंडीची गोष्ट

वाराणसीला निघताना आईने माझ्या सामानात एक पुरचुंडी ठेवली होती. आमच्या वर्धा जिल्ह्यातील घरी आजीच्या काळापासून परसात लावल्या जाणाऱ्या वांग्याचे बी त्यात होते. काटेरी देठाचे, हिरवट पांढऱ्या रेघांचे हे वांगे बाजारात मिळत नाही. त्याला नावही नाही. आमच्याकडे ते नुसते ‘घरचे वांगे’ असते. आईने असलेल्या बियाण्याचे दोन भाग केले होते. एक घरी ठेवला आणि एक मला दिला. “गच्चीवर लाव, म्हणजे तिकडेही घरची चव राहील,” एवढेच ती म्हणाली.

नव्या शाखेतील कामाच्या व्यापात बी लावणे राहून गेले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती पुरचुंडी मी नदीच्या बाजूच्या भिंतीतील कोनाड्यात ठेवली आणि विसरलो. आषाढ आला, गंगा चढली, घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली गेल्या. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ च्या सप्टेंबरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती, हे इथल्या जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असते. पाणी माझ्या खोलीपर्यंत आले नाही; ओल मात्र आली. कपाटातील कागद मऊ पडले, मिठाला पाणी सुटले.

भाद्रपदात घरून आईचा दूरध्वनी आला. माळ्यावरचे कौल फुटून पाणी गळले होते आणि तिथल्या डब्यातील बियाणे कुजले होते. “तुझ्याकडचे आहे ना रे?” तिने विचारले. तेव्हा मला कोनाडा आठवला. आजीपासून चालत आलेल्या त्या वाणाची जगातील एकमेव शिल्लक आता माझ्या ताब्यात होती, आणि खातेदाराने ती तपासलीच नव्हती.

घरमालकीण आजी मूळच्या मराठी. त्यांचे कुटुंब अनेक पिढ्या काशीत स्थायिक झालेले. त्यांनी पुरचुंडी हातात घेतली, बी बोटांनी चुरून पाहिले आणि म्हणाल्या, “अरे बाबा, या भिंती पावसाळ्यात गंगेचे पाणी पितात. इथे बी ठेवायचे असते का?”

त्यांच्या सांगण्यावरून पन्नास बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. बारा दिवसांनी त्यांतील नऊ उगवल्या होत्या. म्हणजे उगवण १८ टक्के. वांग्याच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मुद्दलच बुडत चालले होते.

बी जिवंत असते

या प्रसंगानंतर मी या विषयावरील जे मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. पहिली गोष्ट समजली ती अशी, की बी ही वस्तू नाही. तो निजलेला जीव आहे. कवचाच्या आत गर्भ असतो आणि त्याच्यासाठी अन्नाचा साठा असतो. साठवणीतही बी अत्यंत मंद गतीने श्वसन करीत असते व तो साठा खर्च होत असतो. ओलावा आणि उष्णता वाढली, की श्वसन वाढते, खर्च वाढतो, बुरशी व किडीला आमंत्रण मिळते आणि गर्भ दुबळा होत जातो. बाहेरून बी तसेच टपोरे दिसते. आत मात्र खाते रिकामे झालेले असते.

बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी यासाठी दोन सोपे ठोकताळे दिले आहेत. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला, तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने कमी केले, तरीही ते सुमारे दुप्पट होते. ओलाव्याचा नियम साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या मर्यादेत लागू पडतो. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना याचे मोल लगेच कळेल. ओलावा १४ वरून १२ टक्क्यांवर आणला, तर आयुष्य चौपट. त्याच वेळी तापमान ३० वरून २५ अंशांवर आणले, तर आठपट!

त्यांचाच आणखी एक ठोकताळा असा, की फॅरनहाइटमधील तापमान आणि हवेतील सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. माझ्या कोनाड्याचा हिशेब करून पाहिला. पावसाळ्यात तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८६ अंश फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर बेरीज १६६ होते. त्यावर प्लास्टिकच्या पातळ, सैल बांधलेल्या पिशवीचे संरक्षण! बियाणे वाचले तेवढे नशीब म्हणायचे.

सर्वच बियाणे मात्र वाळवून ठेवता येत नाही. आंबा, फणस, जांभूळ, नारळ यांचे बी वाळले, की मरते. ते ताजेच लावावे लागते. बनारसचा प्रसिद्ध लंगडा आंबा म्हणूनच कोयीच्या डब्यांतून नव्हे, तर कलमांतून पिढ्यान्पिढ्या टिकला आहे. गंगेकाठच्या बाजारात ढिगाने दिसणारा परवलही वेलाचे तुकडे लावूनच वाढवतात. धान्ये, कडधान्ये व बहुतेक भाज्यांचे बी मात्र वाळवण सोसते. त्यातही स्वभाव वेगवेगळे. कांद्याचे बी साध्या साठवणीत वर्षभरातच जोम गमावते. सोयाबीनचे कवच पातळ असल्याने पोते आपटले तरी गर्भाला इजा होते. याउलट इस्राएलमधील मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजली. कोरड्या हवेने केवढी मुदत वाढवून दिली पाहा!

जुन्या पेढ्यांचे शहाणपण

हे सारे विज्ञान आपल्या पूर्वजांना आकड्यांत नव्हे, पण अनुभवाने ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पेरणीपूर्वी धान्याच्या बियाण्याला रात्री दव आणि दिवसा ऊन देण्याची रीत सांगितली आहे. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात माघ-फाल्गुनात बी गोळा करावे, उन्हात चांगले वाळवावे व ते जमिनीवर ठेवू नये, असा उपदेश आहे.

आपल्या घरोघरच्या रीती तरी काय सांगतात? कणगी शेणमातीने लिंपून तिचे तोंड बंद करायचे, ती दगडांवर उंच ठेवायची. मक्याची कणसे चुलीच्या वर टांगायची, म्हणजे धूर व ऊब यांमुळे ती कोरडी राहतात आणि किडा फिरकत नाही. दुधी भोपळा वेलावरच वाळू द्यायचा आणि बी त्याच्या पोटातच राहू द्यायचे. कडधान्यात राख मिसळायची किंवा मडक्यात वरून वाळूचा थर द्यायचा. राख व वाळू यांमुळे दाण्यांमधील फटी बुजतात, भुंगेऱ्याला हालचाल करता येत नाही आणि त्याच्या अंगावरील मेणासारखा थर खरवडला जाऊन तो सुकून मरतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला किडीला दूर ठेवण्यास मदत करतो. पण ओल्या बियाण्यात पाला घातला म्हणून बी वाचत नाही. आधी वाळवण, मग पाला.

ज्यांनी जपले, त्यांच्यामुळे आपण जेवतो

एका मुठीचे मोल काय असते, याचे उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन पिवळसर लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करीत बी वाढवले. बारीक तांदळाचा तो वाण एका व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून बाजारात आणला आणि तो राज्याबाहेरही पसरला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले. त्या एका पावसाळ्यात पिशवीतील तीन लोंब्यांना बुरशी लागली असती, तर? आपल्या ताटातील तो भात कधी शिजलाच नसता.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांचे नाव आज सर्वपरिचित आहे. ‘बायफ’ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. वालाच्याच कितीतरी जाती त्यांनी जपल्या आहेत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट बी परत करायचे, अशी त्यांची रीत आहे. तारण नाही, जामीनदार नाही. तरी पेढी वाढत राहते. जुन्या सावकारी व्यवहारात सवाई-दिढीच्या धान्याने शेतकरी पिचला. इथे मात्र दुपटीने सारा गाव समृद्ध होतो, कारण व्याज सावकाराच्या कणगीत जात नाही, पुढच्या शेतकऱ्याच्या शेतात जाते.

खुद्द वाराणसीही या बाबतीत श्रीमंत आहे. भारतीय भाजीपाला संशोधन संस्था इथेच आहे व तिने विकसित केलेल्या वाणांच्या नावांना ‘काशी’ हे उपपद लागते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे दक्षिण आशिया प्रादेशिक केंद्र २९ डिसेंबर २०१८ पासून इथे सुरू आहे. गंगेपलीकडील रामनगरच्या भल्यामोठ्या वांग्याला, तिथल्या भाषेत ‘भंट्या’ला, २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आजींनी ही बातमी मला मुद्दाम सांगितली; त्यामागचा टोला मला समजला. त्यांच्या वांग्याला नाव आणि मान मिळाला होता. माझे बिननावाचे वांगे फडक्यात गुंडाळलेले होते.

बियाण्यांच्या राष्ट्रीय तिजोऱ्या

जे आपण डब्यात करतो, तेच राष्ट्रे मोठ्या प्रमाणावर करतात. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. वाळवण सोसणारे बी तिथे उणे १८ अंश तापमानात हवाबंद पाकिटांत ठेवतात. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील, डोंगराच्या पोटातील बीजकोठार २६ फेब्रुवारी २००८ रोजी उघडले. त्याची पद्धत आपल्या सेफ डिपॉझिट लॉकरसारखीच आहे. बी ज्याने ठेवले त्याचेच राहते. पेटी दुसरा कोणी उघडत नाही.

या लॉकरमधून पहिली उचल २०१५ मध्ये झाली. सीरियातील अलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राची बीजपेढी युद्धामुळे दुरावली होती. त्यांनी स्वालबारला ठेवलेले बी परत मागवले, मोरोक्को व लेबनॉनमध्ये पेरून वाढवले आणि २०१७ मध्ये त्याचा मोठा वाटा पुन्हा तिथे जमा केला. कर्ज घेऊन वेळेवर फेडणाऱ्या खातेदाराचे याहून चांगले उदाहरण कोणते असेल?

आणि दुसऱ्या महायुद्धातील लेनिनग्राडच्या वेढ्याची हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. १९४१ ते १९४४ या काळात शहर उपासमारीने मरत असताना तिथल्या वनस्पती संस्थेत तांदूळ, शेंगदाणे, गहू यांचे असंख्य नमुने होते. ते सांभाळणाऱ्या काही शास्त्रज्ञांचा भुकेने मृत्यू झाला, पण त्यांनी ठेवीला हात लावला नाही. बँकेच्या किल्ल्या हाती घेताना प्रत्येक अधिकाऱ्याने आठवावी, अशी ही विश्वस्तवृत्ती आहे.

आपल्या घरची ठेव कशी सांभाळावी?

आता वाचकांच्या उपयोगाचे थोडे. आपली शेती असो वा गच्चीवरच्या चार कुंड्या, तत्त्व एकच आहे.

निवड : बी निरोगी व जोमदार झाडांवरचे धरावे आणि शक्यतो अनेक झाडांवरून घ्यावे. संकरित वाणाचे बी धरून उपयोग नाही. पुढील पिढीत गुण विखुरतात. वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर पिकू द्यावे. काकडी, भोपळा अशा पिकांत शेजारच्या वाणाशी परागीभवन होऊन बी मिसळते, हे ध्यानी ठेवावे.

वाळवण : प्रथम सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात बी पातळ पसरून वाळवावे. दुपारच्या तापलेल्या फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवू नये. दाणा दाताखाली दबला, तर ओल आहे. कटकन मोडला, तर वाळला. प्रमाणित बियाण्यात साध्या साठवणीसाठी गहू व सोयाबीनला १२, भाताला १३, तर हरभऱ्याला ९ टक्के ही ओलाव्याची कमाल मर्यादा धरतात.

साठवण : पूर्ण थंड झालेले बी काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. तळाशी कोरड्या कापडाच्या पुरचुंडीत सिलिका जेल किंवा भाजून गार केलेले तांदूळ ठेवले, तर उरलेली ओल ते शोषून घेतात. ओलसर बी मात्र कधीही हवाबंद करू नये. ते आतल्या आत गुदमरते. फ्रिजमध्ये ठेवल्यास बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच उघडावी. नाहीतर थंड बियांवर दव जमते. शेतकरी बंधूंनी पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि सोयाबीनची पोती आपटू नयेत.

नोंद : वाणाचे नाव, कोणाकडून मिळाले आणि कोणत्या वर्षीचे, ही चिठ्ठी बरणीत व बरणीवरही असावी. नोंद नसलेली ठेव वारसाला सापडत नाही.

तपासणी : पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उगवण मोजावी. सोयाबीनची उगवण ७० टक्के असेल, तर एकरी ३० किलो बी पुरते. ती ६५ टक्के निघाली, तर सुमारे साडेबत्तीस किलो लागते. ही मोजणी फुकट होते आणि दुबार पेरणीचा खर्च टाळते. पीककर्ज वितरित करताना आमच्यासारख्या अधिकाऱ्यांनीही शेतकऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा : “बियाणे तपासलेत का?”

विभागणी : सारे बी एका जागी ठेवू नये. थोडे आपल्याकडे, थोडे नातलगाकडे, थोडे शेजाऱ्याकडे असावे. ठराविक वर्षांनी पेरून नवे बी धरावे. हेच ठेवीचे नूतनीकरण होय.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँड म्हणून विकण्यास तेवढी मनाई आहे.

शिल्लक

माझ्या वांग्याचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही. ऋतू अनुकूल नव्हता, पण थांबले तर उरलेलेही मेले असते. म्हणून बाकीचे सारे बी आश्विनातच पसरट कुंड्यांत टाकले. थोडी रोपे आली, काही थंडीने गेली, दोन माकडांनी उपटली; तेव्हा आजींनी जुनी जाळी काढून दिली. अखेर अकरा झाडे जगली. चैत्रात फळे धरली. हिरवट पांढऱ्या रेघा दिसल्या, तेव्हा मी आईला छायाचित्र पाठवले. “हेच ते,” तिचे उत्तर आले.

पहिली फळे खाण्याचा मोह टाळला. अकराही झाडांवरची निवडक फळे पिवळी होऊ दिली. बी काढले, धुतले, सावलीत वाळवले. वैशाखातल्या काशीच्या कोरड्या हवेने या वेळी मला साथ दिली. मग पन्नास बिया मोजल्या, त्रेचाळीस उगवल्या. उगवण ८६ टक्के!

बियाण्याचे तीन भाग केले. एक वर्ध्याला आईकडे गेला, एक माझ्या बरणीत आहे. तिसरा आजींना दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला व विचारले, “याचे नाव काय लिहू चिठ्ठीवर?”

नाव तर कधीच नव्हते. क्षणभर विचार करून मी आजीचे नाव सांगितले. आता मुन्शी घाटावरील एका घरात, नदीपासून दूरच्या आतल्या खोलीतील फडताळात, माझ्या आजीच्या नावाची एक छोटी बरणी आहे. तिची मुदत दर दोन वर्षांनी वाढवायची, असे आमचे ठरले आहे.